डावीकडची झीज

माणसानं किती खरं बोलावं याला काही मर्यादा असावी, हे माझं मत आण्णा बिराजदारांच्या सहवासात तयार झालं. आण्णा आमच्या शाळेत हेडक्लार्क होते. अक्कलकोट रोडवरच्या त्या शाळेत मी एकवीस वर्षं मराठी शिकवलं, आणि त्यातली सतरा वर्षं ऑफिसात आण्णा होते. बसलेलं मात्र मी त्यांना क्वचितच पाहिलं. खुर्ची होती, पण तिच्यावर डबा, छत्री आणि जुन्या फायली बसत. मस्टर उभ्यानं, पगारबिलं उभ्यानं, शिक्षण खात्याची पत्रंसुद्धा टेबलावर वाकून उभ्यानंच. "बसा की आण्णा," म्हटलं की म्हणायचे, "बसलं की काम बी बसतंय, बाई." बोटात किल्ल्यांचा जुडगा सतत फिरत असायचा. त्याच्या आवाजावरून आण्णा कुठल्या मजल्यावर आहेत ते आम्हाला वर्गात कळायचं.

आणि हा अस्वस्थ माणूस दिसेल त्याला दिसेल तो दोष सांगत सुटायचा. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला पालक आले की दाखला देण्याआधीच, "हितं जन्मतारीख आमच्याकडनं चुकलीया. आत्ताच दुरुस्ती करून घ्या, म्होरं तरास हाय." शाळेची जुनी बाकं भंगारात काढली तेव्हा भंगारवाल्यासाठी त्यांनी खडूनं एकेका बाकावर लिहून ठेवलं होतं: 'खिळा वर आहे', 'पाय हलतो'. भंगारवाला हेडसरांना म्हणाला, "साहेब, मला हे वितळवायचंय."

कहर त्यांनी मुलीचं लग्न जमवताना केला. पाहुणे बघायला आलेले. पोहे झाले, प्रश्न झाले, मुलगी आत गेली आणि आण्णा उभे राहिले. "पोरगी चांगली हाय, बीकॉम हाय, सैपाक येतोय. पण दोन गोष्टी सांगून ठेवतो. सकाळी आठच्या आत उठत न्हाई, आन् रागावली की दोन दिस बोलत न्हाई. मागनं म्हणू नका." ते पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच. त्यांच्या बायकोनं, महानंदा वैनींनी, कपाळाला हात लावला. दुसऱ्या स्थळालाही आण्णांनी शब्द न बदलता हेच ऐकवलं, आणि त्या मुलानं होकार दिला. लग्नाआधी खरी माहिती मिळालेला सोलापूर जिल्ह्यातला मी एकमेव नवरा, असं तो जावई अजून सांगतो.

हे सगळं आलं होतं त्यांच्या गावाहून, मैंदर्गीहून. आण्णांचे वडील बैलांचा व्यापार करायचे. बाजारात कासरा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी बैलाची खोड सांगायची, ही त्या घराची रीत. मारका आहे, चिखलात बसतो, उजवीकडं जुंपला तरच चालतो, जे असेल ते. न सांगता विकलेला बैल परत येतो आणि आपलं नाव पाच गावांत जातं, असं वडील म्हणायचे. त्यांचं आणखी एक वाक्य आण्णा आम्हाला स्टाफरूममध्ये ऐकवत: "शिंगाला तेल दिसलं की शेपटाकडं बघावं." आमच्याकडे नवीन हेडसर आले, त्यांनी पहिल्याच आठवड्यात व्हरांड्याला रंग द्यायचं ठरवलं, तेव्हा आण्णा हे वाक्य जरा मोठ्यानंच म्हणाले होते.

आण्णांकडे चौदा वर्षं जुनी पांढरी गाडी होती. विजापूर रोडला आमची घरं जवळजवळ, म्हणून शेवटची तीन वर्षं मी आणि शाळेतल्या आणखी दोघी बाई त्यांच्याच गाडीतून शाळेत जायचो. माझ्या कंबरेमुळे पुढची डावी जागा माझी. शुक्रवारी माझी धाकटी लेकही मागे दाटीवाटीनं बसायची, तिचं कॉलेज वाटेत होतं. गाडीतसुद्धा आण्णांना स्वस्थता नव्हती. सिग्नलला थांबलं की स्टिअरिंगवर बोटं वाजवायचे. आणि शेवटच्या वर्षात त्यांना एक नवीन सवय लागली होती. सात रस्त्याला वळताना, बस ओलांडताना, रिक्षांच्या गर्दीत, ते विचारायचे, "बाई, डावीकडं मोकळं हाय की?" मी मान वळवून बघायची आणि म्हणायची, "हो, मोकळं आहे." हेडक्लार्क माणूस, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणार, असं मी धरून चालले होते. मांडीवर वह्या तपासत असले तर कधी न बघताच 'हो' म्हणायची.

मे महिन्यात आण्णा निवृत्त झाले. निरोप समारंभात म्हणाले, "आता गाडी इकणार. शाळा न्हाई तर गाडी कशाला?" त्यांचा पुण्यातला मुलगा फोनवर म्हणाला, फोटो काढून टाका इंटरनेटवर, आठ दिवसांत जाईल. पण आण्णांच्या डोक्यात भुंगा शिरला होता. गाडीचे बरेच भाग झिजले होते. ते बदलून विकायची की आहे तशी विकायची? या एका प्रश्नावर त्यांनी महिनाभर मला, वैनींना आणि हमीद मिस्त्रीला झोपू दिलं नाही. पगार थांबलेला, वेळ मोकळा, आणि सकाळी सातला आमच्या फाटकाशी किल्ल्या वाजायच्या.

"बाई, सीट कव्हर नवीन घालू नको म्हणतो. ते शिंगाचं तेल."

"नका घालू."

"पण ब्रेक पॅड? वडील बैल इकताना नाल ठोकूनच द्यायचे. त्याला नव्या मालकाच्या गावापोत चालायचं असतंय. मंग ब्रेक म्हंजे नाल का तेल?"

"नाल," मी म्हणायची, कारण मला दूध तापवायचं असायचं.

"आन् क्लच प्लेट?"

हमीद मिस्त्रीचं उत्तर सरळ होतं. अशोक चौकाजवळ त्याचं गॅरेज, आण्णांची गाडी पहिल्यापासून त्याच्याच हाताखालची. "आण्णा, बेचनेकी गाडीकू कोई नवे पार्टां डालता क्या? लेनेवाला अपना देख लेगा. तुम्हाला लावलेला पैसा परत मिळत नाही." व्यवहार म्हणून ते बरोबरच होतं. आण्णांनी ते ऐकलं, मान डोलावली आणि आधी आहे तशी विकायचं ठरवलं. पण खोड सांगितल्याशिवाय कशी विकणार? त्यांनी फुलस्केप कागदावर सुवाच्य अक्षरात यादी केली. वर डावीकडे 'विषय : सदर वाहनातील दोषांबाबत.' खाली अनुक्रमांक एक ते सतरा. शेवटी सही. तो कागद त्यांनी काचेला आतून चिकटवला. पहिलं गिऱ्हाईक आलं, यादी वाचली, आण्णांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपल्या मेव्हण्याला हळूच म्हणालं, "सतरा लिहिल्यात म्हंजे न लिहिलेली किती आसतील?" दोघं निघून गेले. आण्णांना ते कळेना. बाजारात खोड सांगितली की गिऱ्हाईक जवळ येतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत. इथं ते पळालं होतं.

मग ठरलं की बदलायचे. शनिवारी शाळा सकाळची. सुटल्यावर आण्णा मला न्यायला आले, कारण परतताना हमीदकडे थांबायचं होतं आणि त्यांना निर्णय घेताना कुणीतरी शेजारी लागायचं. हमीदनं गाडी उचलली, पुढची चाकं काढली, आणि बराच वेळ खाली वाकून बघत राहिला. मग हात पुसत बाहेर आला.

"आण्णा, एक बात पूछूं? उजवीकडचं वयाच्या मानानं ठीक आहे. डावा टायर कडेनं पार गेला. चाक धरणारा डावा लोअर आर्म गेला, बेअरिंग गेलं, रिमला चार जागी मार आहे. ये सब डावेच बाजूकू कायकू घिसताय?"

आण्णा गॅरेजसमोरच्या कडुनिंबापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. मी त्या काढून ठेवलेल्या टायरकडे बघत होते. आतल्या तारा दिसत होत्या. ही माझी बसायची बाजू, एवढंच आधी मनात आलं, आणि मग सात रस्त्याचं ते रोजचं वळण आठवलं.

"आण्णा," मी विचारलं, "तुम्ही मला रोज डावीकडचं का विचारत होता?"

ते कडुनिंबाखालीच थांबले. "दिसत न्हाई, बाई."

"कधीपासून?"

"वरीस झालं. काचबिंदू. डावा डोळा गेलाच. उजव्याचं बी नाकाकडचं कमी होत चाललंय. डाक्टर म्हनला गाडी चालवू नका."

मला राग आला. बाकांचे खिळे सांगणारा, स्वतःच्या मुलीची झोप सांगणारा हा माणूस, वर्षभर आम्हा तिघींना, शुक्रवारी माझ्या लेकीला, अर्ध्या नजरेवर नेत-आणत होता. आणि उरलेली अर्धी नजर मी होते, हे मला माहीत नव्हतं. वह्यांवरून डोळे न उचलता मी किती वेळा 'हो, मोकळं आहे' म्हटलं असेल? त्या मोजदादीनं मला पुढे कित्येक दिवस छळलं. शेवटी एवढंच म्हणाले, "सतरा दोष लिहिलेत कागदावर. अठरावा कुठाय?"

"बैलाची खोड मालक सांगतो, बाई. माझी कुनी सांगायची?"

"तुमची तुम्हीच. दुसरा कोण मालक आहे तुम्हाला?"

त्यांनी जुडग्यातून गाडीची किल्ली काढली आणि हमीदच्या टेबलावर ठेवली. मी रिक्षा केली आणि त्यांना न विचारता घरी आले. त्यानंतर आण्णांनी गाडी चालवली नाही, हे मात्र खरं.

आठ दिवस मी बोलले नाही. नवव्या दिवशी ते फाटकाशी आले, तेव्हा मी त्यांना आत घेतलं. ते बसले नाहीत. हॉलभर येरझाऱ्या घालत, टीपॉयच्या कडेला नडगी आपटत बोलत राहिले. हमीदनं डावे-उजवे दोन्ही भाग बदलले होते, ते जोडीनंच बदलायचे असतात म्हणे. टायर नवे, ब्रेक नवे. गाडी सरळ धावत होती. एका बँकेतल्या साहेबानं ती चालवून बघितली, एकच विचारलं, "ॲक्सिडेंट वगैरे?" आण्णा म्हणाले, "न्हाई." साहेब लगेच इसाराचे पैसे द्यायला तयार झाला. आणि आण्णांनी त्याला "परवा सांगतो" म्हणून परत पाठवलं.

"खोटं न्हाई बोललो," ते म्हणाले. "पण सांगितलं बी न्हाई. रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई."

"मग सांगा त्याला. गाडी आता चांगली आहे, कशाला घाबरता?"

"त्याला सांगितलं की घरात कळतंय. घरात कळलं की पोराला कळतंय, पोराला कळलं की पुणं. तितं मी काय करू, बाई? गॅलरीत उभा ऱ्हाऊन खालच्या गाड्या बघू?"

म्हणजे वैनींनाही माहीत नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना. एवढ्या वर्षांचा संसार, दोन खोल्यांचं घर, आणि त्यात हा माणूस डावी बाजू लपवून वावरत होता. मी त्यांना म्हणाले, "आण्णा, भाग बदलले ते ठीक केलंत. पण ज्यानं झिजले ते न सांगता विकलीत, तर तुमच्या वडिलांच्या भाषेत ते तेलच." ते टीपॉयला वळसा घालून दाराशी गेले. मग "होगली बिडरी," म्हणाले. जाऊ द्या, असा त्या कानडी बोलाचा अर्थ, पण काय जाऊ द्यायचं ते त्यांनी सांगितलं नाही. बँकेच्या साहेबाला त्यांनी फोन करून 'न्हाई' कळवलं.

पुढच्या रविवारी सकाळी निरोप आला, साक्षीला या. मोहोळचे माने म्हणून खताचे दुकानदार गाडी बघायला आले होते. सोबत त्यांची लेक. ती आरोग्य केंद्रात नर्स, रोजच्या जाण्यायेण्याला तिलाच गाडी हवी होती. मी पोचले तेव्हा आण्णांनी ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि हमीदकडून मागून आणलेलं पोतं त्यावर मोकळं करत होते. गाडीतून काढलेले जुने भाग त्यांनी टाकू दिले नव्हते. उजवा लोअर आर्म, शेजारी डावा. उजवं बेअरिंग, शेजारी डावं. टायर दोन, भिंतीला टेकवून. दाखल्याच्या रजिस्टरात नोंदी कराव्या तसे त्यांनी ते ओळीनं मांडले.

"हमीद मिस्त्रीनं हे काडलं, हे घातलं," ते मान्यांना म्हणाले. "सगळं बगून घ्या."

मान्यांनी मान हलवली. त्यांना त्यातलं फारसं कळत नसावं. लेक मात्र वाकली, दोन्ही टायरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काका, डावं एवढं कसं काय झिजलं हो?"

नेमक्या त्याच वेळी वैनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या. आण्णांना पावलांचा आवाज आला. त्यांनी पूर्ण मान वळवून तिकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे 'रस्ते खराब हायत' म्हणणार आणि सुटणार. खरं सांगायचं तर त्या क्षणी वैनींचा चेहरा बघून मलाही तसंच वाटलं, की म्हणा आणि सुटा.

"ट्रे खाली ठेव," ते वैनींना म्हणाले. वैनींनी ठेवला.

"गाडीत खोड न्हाई, पोरी. चालवणाऱ्यात हाय. मला डावीकडचं दिसत न्हाई. वरीस झालं. दिसत नसताना चालवली, कडंच्या दगडाला घालत, खड्ड्यात घालत. कुनाला लागलं न्हाई, त्यात माझी हुशारी न्हाई. ह्या बाई शेजारी बसून मला डावीकडचं सांगायच्या. त्यांना बी ठाऊक नव्हतं कशासाठी."

माने चप्पल घालावी की नाही अशा घोटाळ्यात उभे. मी वैनींकडे बघायचं टाळत होते. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या रागावतील, रडतील, पोराला फोन लावतील असं मला वाटलं होतं, त्यातलं काही झालं नाही.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "ताटातली चटणी वरीसभर तशीच ऱ्हायती ती ह्यामुळं?"

आण्णांना कळेना. "कसली चटणी?"

"शेंगाची. रोज ताटात डाव्या बाजूला वाढती. रोज तशीच. मला वाटलं माझ्या हाताची चव गेली. शेंगा बदलल्या, तिखट बदललं, दगडी खलबत्ता काडला माळ्यावरनं. शेजारच्या बाईला इचारलं कशी करता म्हणून." त्या आण्णांकडे वळल्या. "दिसत न्हाई एवढं म्हणायला काय झालं व्हतं?"

पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या. आण्णा त्यांच्या मागे वळले आणि डाव्या बाजूच्या मान्यांवर आदळले. मान्यांनीच त्यांना दंडाला धरून सरळ केलं. आण्णा "माफ करा, माफ करा," म्हणत आत गेले. ओट्यावर आम्ही तिघं आणि थंड होणारा चहा. मान्यांच्या लेकीनं वाकून एकेक भाग पुन्हा पोत्यात भरला. "गाडी घेऊ, बाबा," ती म्हणाली. "हमीद मिस्त्रीलाच दाखवत जाऊ." माने माझ्याकडे वळून म्हणाले, "मालक बाहेर आले की सांगा, पोतं बी नेतो." त्या पोत्याचं त्यांनी काय केलं असेल, देव जाणे.

मुलगा पुण्याहून आला आणि दोघांना घेऊन जायचं ठरलं, डोळ्यांचे उपचार तिकडे करायचे म्हणून. आण्णा पुढे तिकडेच वारले, दोन वर्षांनी, झोपेत. उजवा डोळाही त्यांचा वाचला नव्हता, एवढं जावयाकडून कळलं. मी पुण्याला जाऊन यायचं म्हणत राहिले आणि गेले नाही. माझा राग पूर्ण गेला नव्हता, हे कबूल करते. अजूनही कुणाच्या गाडीत पुढे डावीकडे बसले की माझी मान आपोआप वळते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला गेले होते. घरात बांधाबांध, आण्णा जेवत होते. मी ताट बघितलं आणि मला चुकल्यासारखं झालं. भाजी नेहमीसारखी उजवीकडे होती, पण एकटी नव्हती. चटणी, लिंबाची फोड, मीठ, सगळं उजव्या अंगाला दाटीनं वाढलेलं. ताटाची डावी बाजू रिकामी. आमच्या आईनं असं वाढलेलं ताट परत फिरवलं असतं. वैनीही उजवीकडे, त्यांना दिसेल अशा बसल्या होत्या. आण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, न चाचपडता चटणीला लावला आणि तोंडात टाकला.

"जरा खारट झालीया," ते म्हणाले.

"झाली आसंल," वैनी म्हणाल्या आणि चटणीचा डबा पुढे ओढून त्यांनी आण्णांच्या ताटात आणखी एक चमचा वाढली.